उजवी बाजू गरम

४ जानेवारी

प्रिय मामा,

आई म्हणाली, वर 'तीर्थरूप' लिही. लिहिलं असतं, पण मग तू पत्र मामीच्या हातात देऊन म्हणाला असतास, बघ गं, हे कोणा भलत्याचं आलंय. म्हणून प्रियच. अक्षर सांभाळून घे, शाळेत मराठीचा तास आठवड्यातून तीनदाच असायचा आणि त्यातला एक पीटीच्या सरांना जायचा.

फोन करणार होते, पण तू फोनवर नुसतं 'हो हो' म्हणतोस आणि मग मामी सांगते की त्याला काहीही ऐकू आलेलं नाही. म्हणून लिहितेय. काम तसंच आहे. बाबांचा रिसीव्हर, तो जुना मोठा रेडिओ, बंद पडला.

तोच, कापड बेतायच्या टेबलावरच्या फळीवरचा, दोन्ही बाजूंना लाकूड असलेला. बुधवारी दुपारी बाबा एका पँटची उंची कमी करत होते, गाणं चालू होतं, आणि मध्येच गाणं गेलं. ठुस्स नाही, धूर नाही. थोडा करपल्याचा वास आला, पण बाबांना वाटलं इस्त्री राहिली. आता बटण दाबलं की डायलचा दिवा लागतो, सुई उजळते, पण ते चार-पाच सेकंदांनी आतून 'टक' व्हायचं ना, ते होत नाही. आणि टक नाही तर आवाज नाही.

मामा, घरात इतकी शांतता आहे की बाबांच्या कात्रीचा आवाज स्वयंपाकघरात येतो. सकाळी काम सुरू करायच्या आधी ते दोन्ही हात रिसीव्हरवर ठेवून बातम्या ऐकत उभे राहायचे, प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे. आता नुसतेच फळीसमोर उभे राहतात आणि मग सुईत दोरा ओवायला बसतात.

दादाने लगेच जाहीर केलं की सोळा फेब्रुवारीला आईबाबांच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतात, तो साउंडबार आणणार. ऑर्डर केलाय. दुकानाचा माणूस नवीन देताना जुनं घेऊन जाणार, एक्स्चेंजमध्ये. दादा म्हणतो, चौदा किलोचं लोखंड घरात ठेवून काय व्यायाम करायचाय? बाबा म्हणाले, बरं. बाबा सगळ्यालाच बरं म्हणतात, तुला माहितीय.

मी बाजारातल्या रिपेअरवाल्याकडे फोटो घेऊन गेले. त्याने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, ताई, ह्याच्या दुरुस्तीत दोन नवीन येतील.

तर सांग, दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचा? खरं तर मला सल्ला नकोय. तू तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेस, तू एक ओळ लिहिलीस की दादाचं तोंड बंद. ती ओळ पाठव.

तुझी,
ठिणगी

९ जानेवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर वाईट आहे पण वाचता येतं.

नवीन घ्या. तुझा दादा बरोबर बोलतोय. त्या काळच्या मशीनचे पार्ट आता मिळत नाहीत, मिळाले तर नकली मिळतात. चाळीस वर्षं चाललं, खूप झालं. मी ते मशीन कधी उघडलेलं नाही, त्यामुळे आत काय आहे ते मला सांगता येणार नाही.

तूही उघडू नकोस. तू पाच वर्षांची असताना प्लगात हेअरपिन घातली होतीस, तेव्हापासून तुझं नाव ठिणगी आहे, हे विसरू नकोस. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. आणि उजव्या बाजूच्या हीटसिंकला, त्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याला, तर अजिबात हात लावू नकोस.

दाजींना नमस्कार सांग. ताईला सांग मी बरा आहे.

मामा

ता. क. मी मामी. हे पत्र त्याने तीन वेळा लिहून फाडलं. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये डबीत आहे, अजून प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. तू विचार त्याला, मी विचारून थकले.

१४ जानेवारी

प्रिय मामा,

ही काय ओळ पाठवलीस? मी दादासमोर ऐटीत पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. 'तुझा दादा बरोबर बोलतोय' ला थांबले, पण तोपर्यंत उशीर झाला होता. तो आता घरात फिरताना 'तज्ज्ञांचं मत' म्हणतो. भाजीत मीठ कमी पडलं तरी तज्ज्ञांचं मत घ्या म्हणतो.

मी नाही देणार रिसीव्हर. लिहून ठेव.

आणि मी तो उघडलाय. ओरडायच्या आधी ऐक. प्लग काढून दोन दिवस तसाच ठेवला होता. मग एका व्हिडिओत बघितल्याप्रमाणे बल्बच्या दोन वायरी कपॅसिटरला लावल्या. बल्ब पेटला नाही म्हणजे आत काही उरलं नव्हतं. हातात रबरी मोजे, पायात बाबांच्या चपला. आई दारात लाकडी झाडू घेऊन उभी होती, मला शॉक लागला तर ढकलायला. एवढी सेफ्टी तुझ्या दुकानातपण नसायची.

आत इतकी धूळ होती की बाबांनी अर्धा सदरा शिवला असता. धूळ ब्रशने काढली. आणि मग मला दिसलं.

उजव्या बाजूचा बोर्ड तपकिरी पडलाय, पोळी जळते तसा. डावीकडचा स्वच्छ. आणि त्या तपकिरी भागात सहा जोडांवर लाल ठिपके आहेत. नेलपॉलिशचे. मामा, मी सुट्टीत तुझ्या दुकानात बसायचे तेव्हा तू मला काय शिकवलं होतंस? 'मी केलेल्या प्रत्येक जोडावर तुझ्या मामीचा ठिपका. कोणी म्हणालं की हे तू केलंस, तर मला नाही म्हणता येऊ नये.' आणि आता तूच नाही म्हणतोयस.

शिवाय, कधी उघडलंच नाही तर उजवीकडेच हात लावू नको, हे तुला कसं सुचलं?

बाबांना विचारलं की मामाने हे कधी दुरुस्त केलं होतं? ते म्हणाले, 'असेल,' आणि चष्मा पुसायला लागले. तुमचं दोघांचं भांडण झालं होतं का? तू आठ वर्षं आमच्याकडे आला नाहीस, आई म्हणते प्रवास झेपत नाही. मला आता वाटतंय की तू घाईत कसला तरी स्वस्तातला पार्ट घातलास, तो जळाला, आणि आता पुरावा एक्स्चेंजमध्ये गेला तर बरं, असं तुला वाटतंय.

तसं असेल तर तसं लिही. मला चालेल. पण खोटं लिहू नकोस.

ठिणगी

१८ जानेवारी

ठिणगी,

आशीर्वाद नाही. आधी हे वाच.

स्वस्तातला पार्ट मी आयुष्यात कोणाच्या मशीनमध्ये घातलेला नाही. तुझ्या बापाच्या तर नाहीच. त्या उजव्या बाजूला जे दोन ट्रान्झिस्टर आहेत ते अस्सल आहेत, त्यासाठी मी तीन बाजार फिरलो होतो. दाजींशी माझं भांडण या जन्मात झालेलं नाही. त्या माणसाशी भांडायला दुसरा माणूस भाड्याने आणावा लागेल.

पार्टवर आळ घेतेस तर मोज. तोंडाने काय बोलतेस? डिजिटल मीटर आण, साधा चालेल. मीटर पीप करतो त्या खुणेवर ठेव. ट्रान्झिस्टर सोडवून बाहेर काढ, तीन पायांपैकी दोन-दोन पायांना लाव, मग वायरी उलट्या करून लाव. सगळीकडे पीप केलं तर गेला. डावीकडचे दोन काढू नकोस, जागेवरच तपास. काय येतं ते लिही. आणि जवळच एक छोटा गोल प्रीसेट असेल, स्क्रूड्रायव्हरची खाच असलेला. त्याला हात लावू नकोस. फक्त खाच कुठल्या दिशेला आहे ते बघ, दोन्ही बाजूंची.

पोळी जळते तसा बोर्ड, हे बरोबर लिहिलंस. व्हिडिओत वास येत नाही.

मामा

ता. क. मामी. परवापासून हत्यारांची पेटी माळ्यावरून खाली आली आहे. मी वरची धूळ पुसून ठेवली.

२५ जानेवारी

प्रिय मामा,

आळ मागे. सॉरी. ट्रान्झिस्टर अस्सल आहेत, बाजारातल्या रिपेअरवाल्यानेही बघून मान डोलावली. मीटरही त्यानेच उसना दिला, वर म्हणाला, तुमचे मामा जुन्या वळणाचे दिसतात, सोल्डरचा डाग किती नीट दिलाय. मी म्हटलं, मग.

आता रीडिंग. उजवीकडचे दोन्ही ट्रान्झिस्टर गेले. कुठेही लावा, पीप. उलटं लावा, पीप. आई आतून म्हणाली, कुकर बंद कर. डावीकडचे दोन्ही शहाण्यासारखे आहेत.

प्रीसेटची खाच डावीकडे मधोमध आहे, घड्याळात बारा वाजल्यासारखी. उजवीकडे पार टोकाला गेलीये, पाच वाजल्यासारखी. आणखी फिरवायला जागाच नाही.

मी वाचलं त्याबद्दल. तो प्रीसेट म्हणजे ट्रान्झिस्टर नुसता बसून असताना किती करंट खाणार ते ठरवतो. कमी ठेवला तर बारीक आवाजात खरखर येते, जास्त ठेवला तर गाणं नसतानाही तापत राहतो. म्हणजे उजवी बाजू आठ वर्षं तापत होती. दिवसभर, रोज.

आता मी आरोप करत नाहीये, विचारतेय. तू तर सगळ्यात हळू हाताचा माणूस. तू तो टोकापर्यंत का फिरवलास?

दादाने काल साउंडबारचा फोटो बाबांना दाखवला. बाबा म्हणाले, बरं. मी म्हटलं, मी तो माणूस दारातच अडवणार. दादा म्हणाला, 'तू कोण गं, रिसीव्हर बचाव समिती?' मी म्हटलं, हो, आणि अध्यक्ष मामा आहेत. तेव्हा जरा मान राख माझा.

ठिणगी

३० जानेवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो. हे मी तुझ्या मामीलाही नीट सांगितलेलं नाही, ती आता मागून वाचतेय तर वाचू दे.

तो प्रीसेट मीटरवर लावायचा असतो. पुस्तकात आकडा दिलेला असतो, शेजारच्या पांढऱ्या रेझिस्टरवर मीटर लावायचा आणि आकडा येईपर्यंत फिरवायचा. मी कधीच मीटर लावला नाही. मी कानाने लावायचो. आवाज अगदी बारीक ठेवायचा, कान स्पीकरला लावायचा, खरखर ऐकू येते, हळूहळू फिरवत जायचं. खरखर जिथे संपते तिथे हात थांबवायचा. तीस वर्षं असं केलं. मग लोक मीटर लावून बघायचे, तर आकडा बरोबर यायचा. मला त्याचा माज होता. मीटरवाल्यांना मी 'चष्मेवाले' म्हणायचो.

आठ वर्षांपूर्वी तुमच्याकडे शेवटचा आलो, त्या दिवशी दाजींच्या टेबलावर मशीन उघडलं. ट्रान्झिस्टर बदलले, ठिपके दिले, कान लावला. खरखर होती. फिरवलं. होती. आणखी फिरवलं. होतीच. टोकाला गेलो तरी होती. दाजी समोर काजं करत बसले होते. मी विचारलं, 'दाजी, अजून खरखर येतेय का हो?' ते म्हणाले, 'नाही, मघाशीच थांबली.' मला वाटलं, माझं मन राखतायत. मी म्हटलं, जुनं मशीन आहे, एवढी राहणारच. झाकण लावलं, चहा घेतला, बस पकडली.

बसमध्ये खिडकी बंद केली, इंजिन बंद झालं, डेपोत सगळे उतरले, तरी खरखर होती. ती मशीनची नव्हती. ती मी कानात घेऊन चाललो होतो.

त्याच महिन्यात दुकान बंद केलं. लोकांना सांगितलं, आता कोण रेडिओ दुरुस्त करतं. सगळ्यांना पटलं.

मला माहीत होतं ते मशीन एक दिवस जळणार. परत येऊन दुरुस्त करायला हवं होतं. पण मग दाजींना सांगावं लागलं असतं का आलो. एवढ्यासाठी आठ वर्षं आलो नाही. म्हणून म्हटलं फेका. आता हसायचं तर हस.

मी नेहमी पार्टच्या दोन जोड्या घ्यायचो, एक बसवायला आणि एक चुकायला. चुकायची जोडी डब्यात पडून होती. मामी कापसात गुंडाळून पाठवतेय. अस्सल आहे. तुझी दुरुस्ती फुकटात होईल. प्रीसेट मीटरवर लाव, आकडा पत्राच्या मागे लिहिला आहे. कानाने लावू नकोस, तुझे चांगले असले तरी.

मामा

६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

हसले नाही. आई रडली, पण ती कांदा चिरत होती म्हणते.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. तू नको म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. बाबा काजं करत होते. शेवटपर्यंत मान वर केली नाही. मग दोरा तोडला आणि म्हणाले, 'मला माहीत होतं.'

मामा, त्यांना त्याच दिवशी माहीत होतं. खरखर खरंच मघाशीच थांबली होती, ते मन राखत नव्हते. तू फिरवतच राहिलास तेव्हा त्यांना कळलं की मशीन बरं आहे आणि तुझा कान बरा नाही. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, 'त्याचं त्याला कळू दे म्हटलं. मला वाटलं पुढच्या महिन्यात येईल तेव्हा बोलू. तो आलाच नाही.'

मी म्हटलं, आणि आठ वर्षं तापतंय हे कळत नव्हतं? तर म्हणाले, 'कळत होतं की. म्हणून तर सकाळी हात ठेवायचो. थंडीत बोटं आखडतात, सुई धरवत नाही. त्याची उजवी बाजू अशी छान गरम असायची, बातम्या संपेपर्यंत बोटं मोकळी. शिंप्याला अजून काय पाहिजे?'

तुला कळतंय का? तू आठ वर्षं ज्याची लाज वाटून घेतलीस, त्यावर बाबा रोज हात शेकत होते. ते बातम्या ऐकायला उभे नव्हतेच.

आणि निरोप दिलाय, शब्दशः लिहिते: 'त्याला सांग, लावताना उजवी बाजू जराशी गरम ठेव म्हणावं.'

आता मुख्य मुद्दा. जोडी पोचली. मी दोन्ही ट्रान्झिस्टर बसवलेत, खाली अभ्रकाचा कागद, पांढरी पेस्ट, सगळं. डाग माझे जरा लठ्ठ आलेत. माझ्याकडे लाल नेलपॉलिश नाही, निळं लावलं. रिपेअरवाल्याने तीनदा तपासलं. पण मशीन मी चालू केलेलं नाही आणि करणार नाही. प्रीसेट मी लावणार नाही. रिपेअरवाला तयार आहे, त्यालाही हात लावू देणार नाही. तो तू लावायचास.

तू म्हणशील मला ऐकू येत नाही. आकडा ऐकायचा नसतो, वाचायचा असतो. चष्मेवाला हो. कानाचं मशीन घाल नाहीतर ड्रॉवरमध्येच त्याचं लोणचं घाल, तो तुझा आणि मामीचा प्रश्न. पण दुकान बंद करायचं कारण तू लोकांना खोटं सांगितलंस आणि मला फेका म्हणून खोटं लिहिलंस, त्याची ही शिक्षा आहे. सोळा तारखेला दुपारी दुकानाचा माणूस येणार. त्याच्या आधी तू ये.

नाही आलास तर दादा जिंकेल. मी तुला कधीच माफ करणार नाही, आणि तुला माहितीय मी अशी कामं नीट करते.

ठिणगी

१० फेब्रुवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

शिक्षा वाचली. तुझी आई लहानपणी अशीच होती, तिनेही मला कधी अपील करू दिलं नाही.

सोळाला सकाळच्या पहिल्या गाडीने येतो. मामीही येतेय. माझी पेटी आणि मीटर घेऊन येतोय. मीटर काल विकत घेतला. दुकानदाराने विचारलं, आजोबा, वापरता येईल ना? मी म्हटलं, नाही, पण शिकेन.

कानाचं मशीन डबीतून काढलं. एक तास घातलं. भांड्यांचा आवाज किती असतो घरात. परत ठेवलं. उद्या दोन तास घालीन, ते मी ठरवणार, मामी नाही.

डाग लठ्ठ आले असतील तर आल्यावर बघतो. निळा ठिपका चालेल. पण मग नंतर कोणी विचारलं तर नाही म्हणायचं नाही.

दुकानाच्या माणसाला अडवायचं नाही. आत बोलवा, पाणी द्या, खुर्ची द्या. त्याच्यासमोर लावतो. मग विचार त्याला, काय नेतोस. दादाला सांग, साउंडबार त्याच्या खोलीत ठेव, तिथे सगळं नवीन आहे.

दाजींना सांग, उजवी बाजू गरम मिळणार नाही. आठ वर्षं शेकलीत, पुरे. या वेळी दोन्ही बाजू सारख्या लागतील, आकड्यावर, एक अंशसुद्धा जास्त नाही. बोटं शेकायला मी त्यांना रबरी पिशवी आणतोय. त्यांचं म्हणणं मी या एका बाबतीत ऐकून घेणार नाही. आणि आठ वर्षांपूर्वीचं जे बोलायचं राहिलं, ते समोर बसून बोला म्हणावं, जरा मोठ्याने.

आता एक काम तुझ्याकडे. प्रीसेट लावला, झाकण लावलं, बटण दाबलं, की चार-पाच सेकंदांनी ते 'टक' होईल. ते फार बारीक असतं. कानात मशीन असलं तरी मला ऐकू येईल असं वाटत नाही. तू माझ्या मागे उभी राहा. टक झालं की माझ्या खांद्यावर एक टिचकी मार. दुकानाच्या माणसासमोर मार, दादासमोर मार, लाजू नकोस. मी लाजणार नाही.

मामा